भुईआवळा, आत्या आणि बाबांची आठशेची गोळी

पत्र असं आहे, थोडं कापून देतोय:

"काका, नमस्कार. बाबा ६३ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. जानेवारीत त्यांची उजवी किडनी काढली, रिपोर्टमध्ये क्लिअर सेल कार्सिनोमा, म्हणजे किडनीचा कॅन्सर, आलं. पुढच्या सीटीत फुफ्फुसात बारीक ठिपके दिसले म्हणून पॅझोपॅनिब ही कॅन्सरची गोळी चालू केलीय, रोज ८०० मिलिग्रॅम. तीन महिने झाले. जुलाब होतात, बीपी वाढलंय आणि मिशी पांढरी झालीये, बाबांना याचंच जास्त वाईट वाटतं. आत्याला कुणीतरी मेसेज पाठवला की भुईआवळ्याच्या जातीतल्या आफ्रिकन झाडाने किडनीचा कॅन्सर मरतो, अमेरिकेत सिद्ध झालंय. तेव्हापासून ती रोज सकाळी भुईआवळ्याचा रस देते, रात्री गुळवेलीचा काढा, शिवाय ऑनलाइन मागवलेल्या हळद-मिरीच्या कॅप्सूल. गेल्या आठवड्यात लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी १४८ आलं, आधी नॉर्मल होतं. डॉक्टरांनी विचारलं आणखी काही घेता का, बाबा नाही म्हणाले आणि मीही गप्प बसले. आत्या म्हणते लिव्हर गोळीनेच बिघडवलं, भुईआवळा तर काविळीचंच औषध आहे, गोळी बंद करा आणि रस दोन वेळा चालू करा. मेसेज खरा आहे का? काय करू? — एक मुलगी, सातारा जिल्हा"

अगं, तुझं पत्र आलं त्याच रात्री तुला चार ओळी कळवल्या होत्या, त्याच इथे परत लिहितो कारण अशी पत्रं महिन्याला दोन-तीन येतात. रस, काढा, कॅप्सूल तिन्ही आजच बंद. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि अर्धीही करायची नाही. सकाळी डॉक्टरांना फोन करून १४८ चा आकडा आणि या तिन्ही गोष्टी सांगायच्या, मग गोळी चालू ठेवायची की थोडे दिवस थांबवून परत रक्त तपासायचं हे ते ठरवतील. डोळे पिवळे दिसले, लघवी काळ्या चहासारखी झाली, अंगाला खाज सुटली किंवा उलट्या थांबेनात तर फोनबिन नाही, सरळ हॉस्पिटल.

आता मेसेजचं. तो धडधडीत खोटा असता तर बरं झालं असतं, एका वाक्यात पत्र संपलं असतं. पंचाईत अशी की तो अर्धा खरा आहे.

टांझानियात एक झाड आहे, फायलँथस एंग्लेरी. त्याच्या सालीतून अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी एक रेणू वेगळा काढला, एन्ग्लेरिन ए, आणि २००९ साली छापला. त्यांच्याकडे वेगवेगळ्या कॅन्सरच्या साठ प्रकारच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवलेल्या असतात आणि नवीन सापडलेली प्रत्येक वस्तू त्या साठांवर टाकून बघतात. बहुतेक वस्तू एकतर काहीच करत नाहीत नाहीतर सगळ्यांनाच सरसकट मारतात, पण एन्ग्लेरिनने किडनीच्या कॅन्सरच्या पेशी नेमक्या हेरून मारल्या आणि बाकीच्यांकडे फारसं बघितलंच नाही, तेही अगदी चिमूटभरापेक्षाही कितीतरी कमी मात्रेत. केमिस्ट लोकांची झोप उडाली, त्याच वर्षी जर्मनीत तो प्रयोगशाळेत बनवूनही झाला. इथपर्यंत आत्याचा मेसेज बरोबर आहे आणि इथेच तो संपतो.

पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही. २०१५ च्या सुमाराला कळलं की हा रेणू पेशीच्या भिंतीतली टीआरपीसी४ आणि टीआरपीसी५ नावाची दारं सताड उघडतो, बाहेरचे क्षार आत घुसतात आणि पेशी मरते. ही दारं किडनीच्या कॅन्सरच्या पेशींवर असतात तशी चांगल्या शरीरातही असतात. उंदरांना शिरेतून दिलं तर कमी डोसलाही ते मेले, आणि तोंडावाटे दिलं तर पोटातच त्याचं रूप बदलून ते निकामी झालं. म्हणजे टोचलं तर विष आणि प्यायलं तर पाणी. म्हणून आजपर्यंत एन्ग्लेरिनची गोळी नाही, इंजेक्शन नाही, काही नाही.

आणि हे सगळं त्या आफ्रिकन झाडाबद्दल. आपला भुईआवळा पावसाळ्यात बांधावर उगवणारं वीतभर तण, तोही फायलँथसच, पण फायलँथस या वंशात हजाराच्या आसपास जाती आहेत. बटाटा आणि वांगं दोन्ही सोलॅनम वंशातले, म्हणून भरल्या वांग्यासाठी कुणी बटाट्याला देठासकट चिरा देत नाही ना? आणि मोठा आवळासुद्धा फायलँथसच आहे बरं का, मग तर मोरावळ्यानेच किडनीचा कॅन्सर जायला हवा होता, आपल्या आज्यांनी बरण्या भरभरून केलाय.

काविळीचं म्हणशील तर आत्या अगदीच हवेत बोलत नाहीये. भुईआवळा आपल्याकडे काविळीला पिढ्यानपिढ्या देतात आणि १९८८ साली मद्रासच्या डॉक्टरांनी हेपटायटिस बी च्या लोकांमध्ये त्याचा चांगला गुण आला असं मोठ्या जर्नलमध्ये छापलं होतं, जगभर गाजलं, पण नंतर दुसरीकडे करून बघितलं तेव्हा तसा गुण काही दिसला नाही. आणि समजा दिसला असता तरी तो व्हायरसच्या काविळीचा, गोळीने किंवा काढ्याने दुखावलेल्या लिव्हरचा नाही. एसजीपीटी वाढलंय म्हणून रस दुप्पट करणं म्हणजे गाडी गरम झाली म्हणून ॲक्सिलरेटर दाबणं, हे बाबांना सांग, तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला लगेच पटेल.

आता कुणीतरी म्हणेलच की काकांना झाडपाल्याचा राग आहे. नाहीये. उलट कॅन्सरची कितीतरी जुनी औषधं झाडांची आहेत आणि त्यात आपल्या माणसांचा हात एवढा मोठा आहे की शाळेच्या पुस्तकात धडा असायला हवा होता. टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरवरचे दोन रेणू शोधणाऱ्या जोडीतले मनसुख वाणी हे नंदुरबारचे, १९२५ चा जन्म, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी मनरो वॉल यांच्याबरोबर १९६६ साली कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली टॅक्सॉल असे दोन्ही जगापुढे ठेवले. कॅम्प्टोथेसिन मूळ चिनी झाडातलं, पण १९७२ साली गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात ते भरपूर आहे. नरक्या म्हटलं की तुझ्याकडच्या फॉरेस्टवाल्यांचे कान टवकारतात, ट्रकच्या ट्रक लाकूड चोरून गेलंय ते याचसाठी. आणि कुंडीतली सदाफुली, तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन, त्यातल्या व्हिन्क्रिस्टिनने लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरचं चित्र पालटायला मदत केली. कॅनडातल्या लोकांनी ती डायबेटिससाठी तपासायला घेतली होती, सापडलं भलतंच. आपल्याकडे अजून लोक शुगरसाठी सकाळी सदाफुलीची पानं चावतात, ते वाचून माझ्या पोटात गोळा येतो पण तो विषय वेगळा.

एवढं सगळं असून यातलं एकही औषध किडनीच्या या कॅन्सरवर धड चालत नाही. त्याचं कारण मला फार आवडतं, म्हणजे वाईट आहे पण सुंदर आहे. हा कॅन्सर होतो तो किडनीच्या नळीच्या पेशीतून, आणि त्या पेशीचं जन्मभराचं काम काय, तर रक्तातली घाण, विषं, नको असलेली औषधं उपसून लघवीत टाकणं. त्यासाठी तिच्या भिंतीत पंप बसवलेले असतात. ती पेशी कॅन्सरची झाली तरी पंप काही विसरत नाही. सदाफुलीचं विष आत गेलं की उपसून बाहेर, टॅक्सॉल आत गेलं की बाहेर. बघितलंय करून, असं नाही की कुणी प्रयत्नच केला नाही. १९९९ साली फिनलंडच्या डॉक्टरांनी १६० पेशंटवर केलेली ट्रायल छापून आली, निम्म्यांना नुसतं व्हिनब्लास्टिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला इंटरफेरॉन, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला चेतवणारं औषध. जोडीवाले साधारण ६८ आठवडे जगले आणि नुसत्या सदाफुलीवाले ३८. आकडे मधल्या पेशंटचे आहेत, कुणी जास्त कुणी कमी, पण त्यातून जे कळायचं ते कळलं.

आणि मुलुंडची गोष्ट तर सांगायलाच हवी. मुलुंडला हेक्स्ट कंपनीचं मोठं रिसर्च सेंटर होतं, तिथे ऐंशीच्या दशकात एका भारतीय झाडाच्या सालीतून निघालेल्या रोहिटुकीन नावाच्या द्रव्यावर काम झालं आणि त्यात फेरफार करून फ्लॅव्होपिरिडॉल बनवलं. पेशीला दोन व्हायला लावणारं जे चक्र असतं त्याला खीळ घालणारं हे औषध, त्या जातीचं माणसांत वापरून बघितलेलं पहिलंच. ते थेट किडनीच्या कॅन्सरवर वापरलं, शिकागोच्या ग्रुपने, ३५ पेशंट, २००० साली निकाल आला. दोघांच्या गाठी लहान झाल्या. पस्तीसात दोन. नऊ जणांना रक्ताच्या गुठळ्यांचे त्रास झाले, शिवाय जुलाब आणि थकवा. तिथे किडनीपुरता तो विषय संपला.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण आत्याला वाटतंय की डॉक्टर लोक झाडपाल्याकडे बघतच नाहीत. बघितलंय गं. माळरानातून, जंगलातून आणून, साल कुटून, रेणू काढून, त्याला घासून-पुसून, माणसांच्या शिरेत सोडून बघितलंय, आणि हा कॅन्सर त्याला दाद देत नाही असं कळल्यावर दुसरा रस्ता शोधलाय. तो रस्ता म्हणजे बाबांची गोळी. या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचं एक जीन बिघडलेलं असतं, त्यामुळे पेशीला कायम वाटत राहतं की मला ऑक्सिजन मिळत नाहीये आणि ती नवनवीन रक्तवाहिन्या मागवत राहते. हा ऑक्सिजनचा हिशोब पेशी कसा ठेवते हे शोधणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. पॅझोपॅनिब त्या मागणीचा फोनच कापतं. जाता जाता केसाला रंग देणाऱ्या पेशींचाही एक फोन कापतं, म्हणून मिशी पांढरी. बाबांना सांग की गोळी पोचतेय याची ती पावती समजा आणि औषध थांबलं तर रंग बहुधा परत येतो. तोवर काळी मेंदी लावायची झाली तरी आधी डॉक्टरांना विचारून.

निसर्गाने या कॅन्सरला अगदीच काही दिलं नाही असंही नाही हां. एव्हरोलिमस म्हणून गोळी आहे, २००९ पासून किडनी कॅन्सरला वापरतात, तिचं मूळ ईस्टर बेटाच्या मातीतल्या एका जिवाणूत. झाड नाही, माती. पण ती मातीसुद्धा कुणी पाण्यात कालवून प्यायलं नाही.

बरं, आता तुझ्या घरातल्या तीन वस्तूंकडे येतो, खरा घोळ तिथे आहे.

पॅझोपॅनिब स्वतःच लिव्हरला त्रास देऊ शकतं, इतकं की त्याच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकावर सगळ्यात वरती चौकटीत तेच छापलेलं असतं, म्हणून तर दर थोड्या दिवसांनी रक्त बघतात. त्यात गुळवेल. कोविडच्या वेळी घरोघरी काढे झाले आणि मुंबईत २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत लिव्हर बिघडलेले सहा पेशंट डॉक्टरांनी नोंदवले, सगळे गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल हे तपासलंच नाही. पुढे देशभरातल्या १३ सेंटरमधून असे ४३ पेशंट समोर आले. आता मला सांग, वेल कुठलीही असो, तुझ्या घरचा काढा ज्या वेलीचा आहे ती कुणी तपासलीये? बाजारातून आणलेल्या कांड्या, त्यावर नाव नाही, गाव नाही.

हळद. भाजीतली हळद खुशाल चालू दे, तिला कुणी हात लावत नाहीये. कॅप्सूलमधली हळद वेगळी, ती अर्क असते, आणि हळदीचा अर्क आतड्यातून रक्तात फारसा जातच नाही म्हणून त्यात मिरीचा अर्क घालतात. मिरीचा अर्क काय करतो, तर आतडं आणि लिव्हर बाहेरच्या वस्तू मोडायला जी यंत्रं वापरतात ती मंद करतो. त्यातलं एक मोठं यंत्र म्हणजे सीवायपी३ए४, आणि बाबांची गोळी त्याच यंत्रावर मोडली जाते. म्हणजे हळद आत शिरावी म्हणून उघडलेल्या दारातून गोळीही जास्त शिरू शकते आणि रक्तात ८०० च्या जागी जणू मोठा डोस फिरायला लागतो. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा म्हणतात ते याच कारणाने. शिवाय अशा हळदीच्या कॅप्सूलांनी लिव्हरला इजा झाल्याच्या दहा केसेस अमेरिकेत एकत्र छापल्यात, त्यातल्या काहींत मिरीही होती.

रसाचा नुसता ताण लिव्हरवरच नाही, वेळेवरही आहे. ही गोळी रिकाम्या पोटी, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यायची असते, खाल्ल्यावर घेतली तर रक्तात जवळपास दुप्पट जाऊ शकते. सकाळी सहाला रस, मग चहा-खारी, मग गोळी असं चाललं असेल तर आधी ते सांग. पित्ताची गोळी चालू असेल तर तीही सांग, तिने उलटं होतं, गोळी कमी शोषली जाते. आणि कुणी ग्रीन टी सुचवला तर थांब, पॅझोपॅनिबच्याच घराण्यातल्या सुनिटिनिबला ग्रीन टीतलं द्रव्य पोटात चिकटून बसतं आणि औषध नीट शोषलं जात नाही असं चीनमध्ये एका किडनी कॅन्सरच्या पेशंटवरून लक्षात आलं आणि मग लॅबमध्ये दाखवलंही गेलं.

शिवाय बाबांना आता एकच किडनी आहे हे घरात सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसू दे. केरळात कोलेस्टेरॉलसाठी बिलिंबी या आंबट फळाचा रस प्यायलेल्या दहा जणांच्या किडन्या त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या क्षाराने बसल्या होत्या. कोकणात, गोव्यात घरामागे असतं ते झाड, आमटीत दोन घातले तर काही होत नाही, ग्लासभर रस ही वेगळी गोष्ट. आणि ईश्वरी, जिला कुठे कुठे सापसंद म्हणतात, ती कुणी दिली तर हातही लावू नका, त्या कुळातलं ॲरिस्टोलोकिक ॲसिड किडनी खातं आणि वर कॅन्सर करतं. नव्वदच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये बारीक व्हायच्या गोळ्यांत ते चुकून गेलं आणि कितीतरी बायका डायलिसिसवर गेल्या.

आता तू गप्प बसलीस त्याबद्दल. मी रागावत नाहीये, कारण मी स्वतः यात शेण खाल्लंय. सत्तावीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीच्या खिडकीत बसलो. एक गृहस्थ होते, असेच गोळीवरचे, दर वेळी लिव्हरचे रिपोर्ट वर. डॉक्टरांनी डोस कमी केला, परत वर, परत कमी केला. मी प्रत्येक वेळी विचारायचो, आणखी काही औषध चालू आहे का, आणि ते म्हणायचे काही नाही. तिसऱ्या वेळी त्यांचा मुलगा बाजूला उभा होता, तो सहज म्हणाला, "काही नाही, तो काढा सोडला तर." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी विचारत होतो औषध, आणि काढा हे त्यांच्या लेखी औषध नव्हतंच, ते घरचं होतं, चहासारखं. दोन महिने त्या माणसाला चांगल्या औषधाचा निम्मा डोस मिळाला, काढ्याचा गुन्हा गोळीच्या नावावर लागला. तेव्हापासून मी विचारायचो, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांगा, आणि पुढच्या वेळी पिशवीत घालून घेऊनच या. पिशव्या यायच्या. एका बाईंनी खिडकीवर पिशवी उलटी केली तर त्यातून अकरा डब्या आणि एक बाटली निघाली, बाटलीला लेबल रूह अफ्झाचं आणि आत गोमूत्र अर्क.

तुझ्याकडेही आत्ता तेच होऊ शकतं. १४८ कुणामुळे हे आज कुणीच सांगू शकत नाही, कदाचित गोळीमुळेच असेल. पण डॉक्टरांना तिन्ही गोष्टी माहीत नसतील तर ते गोळीलाच धरणार, दुसरं कुणाला धरतील? तेव्हा पिशवी घेऊन जा. डबीवरचं लेबल, कांड्यांचा फोटो, भुईआवळा बांधावरचा की दुकानातला, किती दिवस, किती वाटी, सगळं. ओरडले तर ऐकून घे. जुलाब आणि बीपीचंही तेव्हाच काढ, दोन्हीवर औषधं आहेत, आणि सोसत नसेल तर डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, विचार करू शकतात, गोळी किंवा रस असे दोनच रस्ते नाहीयेत. आयुर्वेदाचंच काही घ्यायचं असेल तर डिग्रीवाल्या वैद्यांकडे, त्यांनाही गोळीचं नाव दाखवून आणि त्यांचा कागद कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवून.

आत्याशी भांडू नकोस. भाऊ कॅन्सरने झिजतोय आणि तिच्या हातात करण्यासारखं काही नाही, म्हणून ती पहाटे उठून पाला वाटतेय, आणि बाबाही तो रस पितात ते बहिणीने दिलाय म्हणून. तो रस काढून घेतलास आणि हातात काही दिलं नाहीस तर उद्या चोरून देईल, मी बघितलंय. तिला काम दे. गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास कुणी बाबांना खायला देणार नाही, याची पहारेकरी आत्या. सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहिणार आत्या. जुलाब झाले त्या दिवशी भाताची पेज आणि ताक करणार आत्या, आणि तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येऊन पिशवी स्वतः उलटी करणारही आत्याच. डॉक्टर तिला जे सांगतील ते तू सांगितलेल्यापेक्षा शंभरपट पटेल. पुढचा फॉरवर्ड आला की तिला एवढंच विचारायला शिकव, हे माणसांवर बघितलंय की उंदरांवर की काचेच्या भांड्यात? भारतात माणसांवरच्या ट्रायल सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, यांच्या साइटवर नोंदवलेल्या असतात, तुला मोबाइलवर दोन मिनिटांत सापडेल.

मोरावळा मात्र विचारून बघ डॉक्टरांना, जेवणाबरोबर एखादा चमचा चालेल का म्हणून, गोळीच्या वेळेपासून लांब. हो म्हणाले तर आत्याच्या हातचा. आणि कॅप्सूलची जी डबी अजून फोडलेली नाही ती परत घेतात का बघ, महिनाभराच्या दुधाचे पैसे सुटतील.